दुसऱ्यांच्या अणुभट्ट्या सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारने पैसे का द्यायचे?

ऐरोलीकर_अभि

मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या.

मी महापेला एका डेटा सेंटरमध्ये वीजपुरवठ्याचं काम बघतो. गेल्या आठवड्यात आमच्याकडे घानाहून तिघे पाहुणे आले होते, आमची व्यवस्था बघायला. कॅन्टीनमध्ये जेवताना त्यातला एक जण म्हणाला, आमच्याकडे छोटी अणुभट्टी आणायचं चाललंय आणि त्यासाठी अमेरिकेचं सरकार मदत करतंय. मला वाटलं भट्टीला कर्ज देत असतील. तर नाही! ही मदत भट्टी येण्याआधीची. कायदा कसा लिहायचा, निरीक्षक कसे तयार करायचे, जागा कशी निवडायची, अपघात झाला तर कोणी कोणाला फोन करायचा, असल्या गोष्टींची.

घरी येऊन वाचलं. कार्यक्रमाचं नाव फर्स्ट, एप्रिल २०२१मध्ये जाहीर झाला, सुरुवातीची रक्कम ५३ लाख डॉलर. तेव्हाच्या भावाने चाळीसेक कोटी रुपये. म्हणजे घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमधले तीसेक फ्लॅट. एवढ्याशा पैशात अनेक देशांची तयारी कशी होणार?

आता माझे प्रश्न. हा दानधर्म आहे की दुकान मांडायच्या आधीचा सडा-रांगोळी? आणि आपण काय करायचं? २०२५च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारने छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी ठेवले, २०३३पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या चालू करायचं ठरवलं. उद्या आपण त्या दुसऱ्यांना विकायला निघालो, तर त्यांच्या निरीक्षकांच्या शिकवणीचे पैसे आपल्या करातून जावेत का?

बायकोचं म्हणणं, आधी आपल्या सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते ती बघा.

झणझणीत_ठाणेकर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. पहिल्या पाच प्रतिसादांत जैतापूर आलं नाही तर सगळ्यांना मिसळ तुमच्याकडून. आलं तर माझ्याकडून.

राजापूरची_लेक

आलं. कधी खायची?

आता गंभीरपणे. माझं माहेर माडबनपासून फार लांब नाही. तिथेच जैतापूरचा अणुप्रकल्प व्हायचाय, मूळ बेताप्रमाणे १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. घरात यावर इतकी वर्षं बोलणं ऐकलंय की मला एक कळून चुकलंय. ‘सुरक्षित’ हा शब्द प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने वापरतो. इंजिनियर म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पंप आणि झडपा असतात. माझे काका म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मासळी असते, गरम पाणी समुद्रात सोडलं तर बांगडा कुठे जाणार. आजीच्या डोळ्यांसमोर कलमं. तेव्हा ज्यांना शिकवायला पैसे देतायत, त्यांना या तीन जणांशी बोलायलाही शिकवतात का, एवढंच मला बघायचंय.

पारसिकचा_वारा

छोटी म्हणजे किती छोटी? गॅस सिलिंडरएवढी? हलके घ्या.

निवृत्त_निरीक्षक

अभि, धागा आवडला. माझी बरीचशी नोकरी याच प्रकारच्या कामात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबात ३०० मेगावॉटपर्यंतची भट्टी म्हणजे छोटी. प्रत्यक्षात चालू असलेल्या मोजक्याच. रशियाचं अकादेमिक लोमोनोसोव हे जहाज पेवेक बंदरात उभं आहे, त्यावर ३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या २०२० पासून व्यावसायिक वीज देतायत. चीनमध्ये शिदाओ बे इथली साधारण २१० मेगावॉटची, वायूने थंड ठेवली जाणारी भट्टी डिसेंबर २०२३मध्ये व्यावसायिकदृष्ट्या सुरू झाली. बाकी बहुतेक कागदावर किंवा बांधकामात. आपल्या भाभा केंद्राचेही २०० आणि ५५ मेगावॉटचे आराखडे चालू आहेत.

छोटीच का, याचं उत्तर घानाच्या पाहुण्याला पाठ असणार. ग्रिडवरचं एक युनिट ग्रिडच्या दहाएक टक्क्यांपेक्षा मोठं नसावं असा जुना ठोकताळा आहे. केनियाची कमाल मागणी अडीच हजार मेगावॉटच्या आसपास. तिथे हजार मेगावॉटची भट्टी लावली आणि ती एका रात्री बंद पडली, तर अर्धा देश अंधारात.

आता मुख्य मुद्दा. भट्टी बंद केली म्हणजे ती थंड झाली असं होत नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनात तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्यं उष्णता देतच राहतात, अगदी सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के. फुकुशिमात २०११ साली नेमकं हेच झालं. भट्ट्या भूकंपानंतर आपोआप बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीज गेली, पाणी फिरेना, आणि त्या उरलेल्या उष्णतेने घात केला. छोट्या भट्टीत ही उष्णता मुळात कमी असते, आणि बऱ्याच आराखड्यांत पंपाशिवाय, पाण्याच्या नैसर्गिक अभिसरणाने ती काढून घ्यायची सोय असते. यंत्र म्हणून ती खरंच जास्त क्षमाशील आहे.

पण निरीक्षकाचं काम त्यामुळे लहान होत नाही. कायदा लागतो, परवाना देणारी यंत्रणा लागते, वेल्डिंगचा एक्स-रे वाचता येणारी माणसं लागतात. इंधन कुठून येणार, वापरलेलं कुठे ठेवणार, पहारा कोण देणार. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पहिल्यांदाच भट्टी घेणाऱ्या देशासाठी अशा १९ गोष्टींची यादी केलीय. भट्टी हजार मेगावॉटची असो की पन्नासची, यादी १९चीच राहते. आणि त्यातल्या फार थोड्या गोष्टी बाजारात विकत मिळतात.

पैशाचं म्हणशील तर, ५३ लाख डॉलर भट्टीच्या मानाने चिल्लर आहेत, पण वीस-पंचवीस माणसं नीट घडवायला चिल्लर नाहीत. मला घडवायला किती लागले ते सांगत नाही, हसाल.

कळवा_सबस्टेशन

एक युनिट गेलं तर काय होतं हे ठाणेकरांना केनियाचं उदाहरण देऊन कशाला सांगताय काका? १२ ऑक्टोबर २०२० आठवा. आमच्या कळवा-पडघ्याच्या वाहिन्या गेल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं ठप्प. लोकल जागेवर. मी कळवा ते मुलुंड रुळांवरून चालत गेलो होतो.

झणझणीत_ठाणेकर

लॉकडाऊनमध्ये लोकलने कुठे चालला होतात? पास दाखवा.

कळवा_सबस्टेशन

आयडी बघा की. अत्यावश्यक सेवा.

रोखठोक_रबाळे

काकांबद्दल आदर आहेच, पण त्यांनी दुकानाचा मुद्दा अलगद बाजूला ठेवला.

हे बघा. रोमानियात दोइचेष्ट नावाच्या गावी जुन्या कोळसा केंद्राच्या जागेवर अमेरिकन नुस्केल कंपनीच्या भट्ट्या लावायचा बेत आहे. २०२३मध्ये बुखारेस्टच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात प्रशिक्षणासाठी सिम्युलेटर बसला. कोणाच्या भट्टीचा? नुस्केलच्या. म्हणजे टायपिंगचा क्लास फुकट, पण की-बोर्ड एकाच कंपनीचा. पोरं एकदा त्यावर शिकली की दुसरं मशीन कोण घेतंय?

आणि याच कंपनीचा खुद्द अमेरिकेतला आयडाहोचा प्रकल्प नोव्हेंबर २०२३मध्ये गुंडाळला गेला. विजेचा अंदाजी दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि पुरेशी गिऱ्हाइकं मिळेनात. जे घरी विकलं गेलं नाही ते परदेशात खपवायला करदात्याच्या पैशाने सतरंजी अंथरायची, याला मदत म्हणायचं?

रशिया निदान सरळ बोलतो. बांगलादेशात रूपपूरला १२०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या, मूळ करार १२.६५ अब्ज डॉलरचा, त्यातले ९० टक्के रशियाचंच कर्ज. भट्टी आमची, इंधन आमचं, कर्ज आमचं, शिकवणी आमची. सगळं एका थाळीत.

सानपाड्याचा_सदू

+१

अनलिमिटेड थाळी, पण ताट परत देताना हिशेब.

माजिवड्याची_मीनल

अभिदादा, वहिनींना सांगा लिफ्टचा मुद्दा अवांतर नाही. आमच्या सोसायटीत काय झालं ते लिहिते.

दोन वर्षांपूर्वी जुनी लिफ्ट काढून नवीन घेतली. कंपनीचा माणूस फार गोड. वॉचमनला फुकट ट्रेनिंग, कमिटीला फुकट डेमो, भिंतीवर लॅमिनेट केलेली सूचनांची यादी. यादीत सगळं होतं, कंपनीचा फोन नंबर चार वेळा. मग परवान्यासाठी सरकारी लिफ्ट निरीक्षक आला. बारीक माणूस, खांद्याला शबनम. चहाही नको म्हणाला. वर मशीन रूममध्ये गेला आणि तासभर आलाच नाही. खाली आला तो म्हणाला, वेग वाढला तर लिफ्ट जागच्या जागी पकडणारी जी व्यवस्था असते ती मला दोनदा नीट पकडताना दिसली नाही, दुरुस्त करा, मी परत येतो. आणि गेला.

अकरा दिवस लिफ्ट बंद. चौदा मजले. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या अकरा दिवस नवव्या मजल्यावर नजरकैदेत. व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या माणसाचा जो उद्धार झाला तो इथे लिहिला तर संपादक मला उडवतील. सेक्रेटरी म्हणाले, ‘काहीतरी करून बघू या का?’ म्हणजे काय ते तुम्हाला कळलं. खजिनदारबाई ठाम राहिल्या म्हणून ते टळलं.

मुद्दा हा, की त्या माणसाचा पगार आम्हीही देत नव्हतो आणि लिफ्ट कंपनीही देत नव्हती. कंपनीने फुकट ट्रेनिंग दिलेला आमचा वॉचमन लिफ्ट बंद ठेवा असं म्हणाला असता का? तेव्हा घानाच्या निरीक्षकाला कोणी शिकवलं यापेक्षा, शिकून झाल्यावर त्याचा पगार कुठून येतो ते विचारा.

निवृत्त_निरीक्षक

मीनलताई, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी तीस वर्षं जे भाषणांतून सांगत आलो ते शबनमवाल्याने तासाभरात केलं.

आंबेवाला_वाशी

मी धंद्याने आंब्यात आहे, अणूत नाही. पण आमचाही संबंध येतो.

अमेरिकेला आंबा पाठवायचा तर त्यावर किरणांची प्रक्रिया लागते, किमान ४०० ग्रे मात्रा, आंब्यातल्या किडीची वाढ आणि पैदास थांबावी म्हणून. आपल्या वाशीत पणन मंडळाचं केंद्र आहे त्यासाठी. आणि प्रक्रिया होताना अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक हजर असावाच लागतो, नाहीतर पेटी विमानात चढत नाही. त्याच्या येण्या-राहण्याचा खर्च आपल्या बाजूचा. २०२० आणि २०२१मध्ये कोविडमुळे ते निरीक्षक आले नाहीत, तर दोन हंगाम अमेरिकेची निर्यातच बंद. आंबा तयार, यंत्र तयार, एक माणूस नाही. २०२२मध्ये परत सुरू झालं.

हे उलटं वाटतं बघा. आंब्यात विकणाऱ्याच्या खर्चाने घेणाऱ्याचा निरीक्षक येतो, आणि तरी तो आपल्याला भीक घालत नाही, कारण त्याचा साहेब तिकडे बसलाय. भट्टीतही पैसे विकणाऱ्याच्याच देशाचे, निरीक्षक घेणाऱ्याचा. त्याचा साहेब कोण?

पारसिकचा_वारा

पेटीचा भाव काय यंदा?

आंबेवाला_वाशी

धाग्याचा मान राखून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवृत्त_निरीक्षक

रबाळेसाहेबांच्या प्रतिसादाला उत्तर राहिलं होतं. दुकान आहे हे मी नाकारत नाही. पण आपण स्वतः त्या दुकानाचे गिऱ्हाईक होतो हे विसरू नये.

ट्रॉम्बेची अप्सरा भट्टी ४ ऑगस्ट १९५६ला चालू झाली, आशियातली पहिलीच म्हणायची. आराखडा नि बांधणी आपली, इंधन ब्रिटनने दिलेलं. मग १९६०मध्ये सायरस. कोलंबो योजनेखाली कॅनडाची भट्टी, अमेरिकेचं जड पाणी, म्हणून तर नावात तिन्ही देश. आणि तारापूर! २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथली पहिली दोन युनिटं अमेरिकन कंपनीची, अमेरिकन सरकारच्या कर्जावर, १९६९मध्ये चालू झाली.

मग १९७४. सायरसच्या प्लुटोनियमने पोखरण झालं आणि जगाच्या मदतीचा सूरच बदलला. अणुपुरवठादार देशांचा गट त्यातूनच जन्मला. अमेरिकेने पुढे कायदा करून तारापूरचं इंधन रोखलं, मग ते फ्रान्सकडून आणावं लागलं. तेव्हा आजच्या मदतीत इंधनाचा पहारा, हिशेब, तपासणी यांवर एवढा भर का, तर एका अर्थाने आपल्यामुळे. देशाभिमान बाजूला ठेवून लिहितोय, शिव्या व्यनितून द्याव्यात.

यातून मी एवढंच शिकलो की भट्टी आणि इंधन मागून मिळतं, आणि ज्याने दिलं तो ते रोखूही शकतो. शिकलेली माणसं मात्र परत मागता येत नाहीत. तारापूरच्या त्या दोन युनिटांवर किती जण हात बसवून पुढे देशभर गेले, मोजदाद नाही.

रोखठोक_रबाळे

मग काका, आपल्या निरीक्षकाचा साहेब कोण होता? आपलं नियामक मंडळ १९८३पासून आहे, पण सरकारी आदेशाने बनलेलं, आणि ज्या आयोगाने अणुऊर्जा वाढवायची त्यालाच उत्तर देणारं. २०१२मध्ये कॅगने यावर सरळ ताशेरे मारले. जपानमध्येही फुकुशिमाच्या वेळी नियामक ज्या मंत्रालयाखाली होता तेच मंत्रालय अणुऊर्जेचा प्रचार करत होतं. नंतर त्यांनी तो वेगळा केला. आपण घानाला काय शिकवणार?

निवृत्त_निरीक्षक

मुद्दा मान्य. आत राहूनही आम्ही ‘नाही’ म्हटलंय, भट्ट्या थांबवल्यात, पण ते माणसांच्या कण्यावर चाललं, कायद्याच्या नाही. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा ‘शांती’ कायदा मंजूर केला, त्यात मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला. उशिरा का होईना. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांनाही दार उघडलंय, म्हणजे कणा आता जास्तच लागणार.

राजापूरची_लेक

त्याच कायद्याने अजून एक केलंय काका, ते तुम्ही गाळलंत. अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१०च्या कायद्यात सदोष सामान दिलं तर चालवणारी कंपनी पुरवठादाराकडे भरपाई मागू शकत होती, करारात तसं लिहिलेलं नसलं तरी. आता ते कलम गेलं. करारात लिहिलं असेल तर, किंवा मुद्दाम केलेलं असेल तर मागा.

या परदेशी मदतीत कायदे लिहायला शिकवतात ना? मग भरपाईचं प्रकरण कोणाच्या सोयीचं लिहायला शिकवत असतील? विकणारा देशच शिकवतोय म्हटल्यावर. छोटी भट्टी आहे म्हणून नुकसान छोटं, असं म्हणायला ज्याचं नुकसान होणार त्याला बोलवा.

निवृत्त_निरीक्षक

गाळलं खरं. तुझा प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नाही.

कौपिनेश्वर_परिसर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

धाग्यात पक्ष आणि पुढारी आणू नयेत. एक प्रतिसाद काढला आहे. दुसऱ्यांदा सूचना देणार नाही.

झणझणीत_ठाणेकर

अरेरे, तोच चांगला होता.

सीवूड्सची_सई

मी वाचनमात्र असते. तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. निवृत्त काका, यात यायचं असेल तर काय करावं? घरचे म्हणतात आयटीत जा.

निवृत्त_निरीक्षक

भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची प्रवेश परीक्षा दे. आणि वेल्डिंग शीक, हाताने. आईला सांग, आयटी पळून जात नाही.

ऐरोलीकर_अभि

धागा टाकून तीन दिवस शिफ्टमध्ये अडकलो होतो, माफी. सगळं वाचलं.

दरम्यान घानाच्या पाहुण्याला मेसेज केला होता, मीनलताईंचाच प्रश्न. तुमच्या निरीक्षकाने अमेरिकन कंपनीला ‘नाही’ म्हटलं तर पुढे काय होईल? दोन दिवसांनी उत्तर आलं. म्हणतो, अजून भट्टीच नाही तर ‘नाही’ कोणाला म्हणणार? पण आमच्याकडे जपानी येतात, कोरियन येतात, चिनी आणि रशियनही येऊन बसतात. प्रत्येक जण आपलं मशीन सोडून बाकीच्यांतले दोष फार छान समजावून सांगतो. आम्ही सगळं लिहून घेतो!

मला हे फार आवडलं. रबाळेसाहेबांचा दुकानाचा मुद्दा मला पूर्ण पटलाय, पण एकाच गल्लीत चार दुकानं असली तर गिऱ्हाइकाचं शिक्षण होतं असं दिसतंय.

आपल्या सरकारबद्दल माझं मत आता असं झालंय. आपण ही मदत द्यावी, आणि थोडी देतोही आहोत. हरियाणात बहादूरगडजवळ जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहेच. रूपपूरसाठी २०१८मध्ये रशिया-भारत-बांगलादेश असा त्रिपक्षीय करार झाला, बांगलादेशच्या माणसांना आपल्याकडे प्रशिक्षण मिळालं. तिथे आपली भट्टी नाही, तरी शिकवलं. रूपपूरला पद्मेकाठी काही बिघडलं तर वारा पासपोर्ट बघून थांबणार नाही, हे कारण मला पुरेसं वाटतं. फक्त त्या पैशातला एक हिस्सा शिकलेल्या निरीक्षकांचा पहिल्या काही वर्षांचा पगार म्हणून एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत जावा, विकणाऱ्याच्या हातून नको.

रोखठोक_रबाळे

पगाराच्या सूचनेला अनुमोदन. मला कोणी बदललं नाहीये, नोंद असावी.

राजापूरची_लेक

आणि त्या प्रशिक्षणात एक दिवस मासेमारांबरोबर. होडीतून. बसमधून नाही.

आंबेवाला_वाशी

होडीची सोय मी करतो, दिवाळे कोळीवाड्यात ओळख आहे.

माजिवड्याची_मीनल

अभिदादा, लिफ्टचं काय झालं?

ऐरोलीकर_अभि

कंपनीचा माणूस येऊन गेला. म्हणाला, थांबते हे सेफ्टी फीचर आहे.

झणझणीत_ठाणेकर

शबनमवाल्याचा नंबर घ्या मीनलताईंकडून.

आणि मिसळीचं: जैतापूर दुसऱ्याच प्रतिसादात आलं, शब्दाला जागतो. रविवारी सकाळी साडेआठ, ठाणे स्टेशन पश्चिम, तिकीट खिडकीजवळ. निवृत्त काका, तुमच्यासाठी मध्यम तिखट सांगू ना?

निवृत्त_निरीक्षक

तर्री वेगळ्या वाटीत. किती घालायची ते मी ठरवेन.